तालमीचा लाकडी सरंजाम : सुतार-खरादी बंधूंनी हा माल आपला करावा

आमच्या सुतार बंधूंकडून हल्ली एकच गाऱ्हाणे ऐकू येते. काम आहे, पण ते आपले राहिले नाही. स्वयंपाकघराची कपाटे कारखान्यातून मापात कापून, कडा चिकटवून येतात. सुताराने बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ती भिंतीला लावायची आणि दिवसाची मजुरी घेऊन घरी जायचे. ज्या हातांनी बापजाद्यांनी चौकटी उभ्या केल्या, ते हात आता दुसऱ्याच्या मालाची जोडणी करतात. मालावर नाव कारखान्याचे, नफा कारखान्याचा, आणि दार नीट बसले नाही तर शिव्या मात्र सुताराला.

या गाऱ्हाण्याला उत्तर काय, यावर पुष्कळ बोलले जाते. आम्ही येथे एकाच मालाविषयी लिहिणार आहोत, कारण तो अजून पुरता कोणाच्या मुठीत गेलेला नाही. तो माल म्हणजे उघड्यावर वापरायचा लाकडी व्यायामाचा सरंजाम : सिंगल बार, डबल बार, मल्लखांब, जोडी, करेल, जोर काढायचे लाकडी हत्ते.

हा धंदा आम्हाला परका नाही. तालीम, वस्ताद, पहिलवान हे मराठी मातीत मुरलेले शब्द मुळात अरबी-फारसीतून आले. इराणच्या जोरखान्यात आजही लाकडी मील खांद्यावरून फिरवतात आणि जोर काढण्यासाठी बुटक्या पायांची लाकडी फळी वापरतात. त्या परंपरेची नोंद युनेस्कोने २०१० साली घेतली. आपल्याकडची जोडी त्या मीलांचीच जवळची नातलग. गामा पहिलवानाचे नाव घेताना आमच्या मोहल्ल्यात छाती फुगते, पण पहिलवानाच्या हातातली जोडी कोणत्या खरादीने उतरवली हे कोणी विचारत नाही. असो.

गिऱ्हाईक आहे का, हा व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा व्यायामशाळांना कुलपे लागली. महाराष्ट्रात ती उघडली २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला. त्या सात महिन्यांत ज्यांना व्यायामाचे व्यसन होते त्यांनी अंगणात, गच्चीवर, शेताच्या बांधावर मिळेल त्या लाकडाचे बार उभे केले. बहुतेकांनी स्वतःच ठोकठोक केली. सुताराला बोलावून ‘मला असा असा बार करून दे’ म्हणावे, हे अनेकांच्या ध्यानातच आले नाही. याचा दोष गिऱ्हाइकाला देता येत नाही. आमच्या दुकानांच्या पाटीवर चौकट, दार, पलंग लिहिलेले असते, बार कोठे लिहिलेला असतो?

तेव्हाची हौस ओसरली असे म्हणावे, तर गावोगाव सैन्यभरतीची आणि पोलीसभरतीची तयारी करणारी मुले पाहावीत. सैन्यभरतीच्या चाचणीत बारला लटकून अंग वर ओढावे लागते. ही मुले दोन कडुनिंबांच्या मध्ये पाईप बांधून सराव करतात. मल्लखांबाचेही दिवस पालटले आहेत. त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत झाली आणि २०२० च्या डिसेंबरात केंद्राच्या क्रीडा खात्याने खेलो इंडिया युवा स्पर्धांत त्याचा समावेश मंजूर केला. शाळांना खांब लागणार, आणि तो शिसवीचा किंवा सागवानाचा, मुळाशी जाड व वर निमुळता, आरशासारखा गुळगुळीत लागणार. त्यावर खेळाडू एरंडेल चोळतात आणि उघड्या अंगाने चढतात. एक फास राहिली तर मांडी फाटते. असा खांब खरादावर उतरवणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

काही व्यापारी म्हणतील की बागांत नगरपालिका लोखंडी यंत्रे बसवते, तेथे लाकडाला कोण विचारतो? ती यंत्रे आम्हीही पाहतो. फिरत्या सांध्यातली बेअरिंग गेली की यंत्र कुरकुरते, मग अडकते, आणि सुटा भाग दूरच्या शहरातून यायचा असल्याने तसेच पडून राहते. लाकडी बारात फिरते काही नसते. जे ढिले होईल ते गावातला सुतार पान्याने आवळू शकतो. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारनंतर लोखंडाला हात लावून पाहा, म्हणजे लाकडी हत्त्याची किंमत कळेल.

मात्र आमचा मुद्दा एवढाच नाही. हा माल करायचा तर तो जुगाड म्हणून करू नये. खुर्चीचा पाय मोडला तर माणूस जमिनीवर बसतो. बार मोडला तर माणूस मानेवर पडतो. म्हणून जो सुतार हे काम घेईल त्याने तीन-चार गोष्टींचा हिशेब पक्का ठेवलाच पाहिजे, नाहीतर त्याने पलंगच करावेत.

पहिली गोष्ट भाराची. ऐंशी किलोचा माणूस बारला स्वस्थ लटकला तर भार ऐंशी किलो. पण मुले स्वस्थ लटकत नाहीत, झोके घेतात. बारच्या पातळीइतका वर जाऊन जो खाली येतो, त्याचा ओढा तळाशी त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन पट होतो. म्हणजे दोनशे-दोनशे चाळीस किलो, आणि तोही मागेपुढे हिसके देणारा. खिळ्यांवर हा भार टाकणे म्हणजे गुन्हाच समजावा. खिळा हिसक्यांनी हळूहळू उपसतो. लाकडातून आरपार जाणारा, जस्त चढवलेला बोल्ट आणि दोन्हीकडे मोठे वायसर, याला पर्याय नाही. आडव्या लाकडाचा नियम बहुतेक कारागिरांना हाताने ठाऊक असतो, तो आकड्यात सांगतो : रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट. तेव्हा डबल बारची दोन बाय चारची पट्टी नेहमी उभ्या कडेवर बसवावी, आडवी कधीही नाही. पट्टीची वरची कड अर्धगोल रंधावी, म्हणजे तळहातास रुतत नाही.

सिंगल बारला आडवा दांडा लाकडाचा करण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. एक इंची जी.आय. पाईप बाहेरून सुमारे चौतीस मिलिमीटर भरतो आणि मुठीत बरोबर बसतो. खांबांतले अंतर चार फुटांच्या आत ठेवावे. पाईप खांबाच्या आरपार घालून बाहेरून अडवावा. वरून आकड्यात टांगू नये. पाईप आत फिरू नये म्हणून आडवा बोल्ट द्यावा.

दुसरी गोष्ट कुजण्याची, आणि येथेच बहुतेक घरगुती बार मरतात. लाकूड जमिनीच्या खोल पोटात फारसे कुजत नाही, वर हवेतही फारसे कुजत नाही. ते कुजते जमिनीच्या रेषेवर, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खांब वरून ठणठणीत दिसतो आणि चार बोटे माती उकरली की आत भुसा निघतो. सिमेंटात खांब गाडला की काम पक्के झाले, ही समजूत चुकीची आहे. लाकूड आकसते, सिमेंट आकसत नाही; मध्ये फट पडते, फटीत पाणी साचते, आणि आपणच खांबासाठी पाण्याची वाटी केलेली असते. खांबाच्या तळाशी वीतभर खडी टाकून पाणी झिरपायला वाट ठेवावी, सिमेंट तळ बंद न करता बाजूने भरावे, आणि त्याचा माथा जमिनीच्या वर आणून बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. याहून चांगले म्हणजे लाकूड जमिनीला टेकूच न देणे : काँक्रीटात जाड पत्र्याची लोखंडी पकड बसवून खांब तिच्यात दोन बोटे अधांतरी धरणे. पण मग खांब हलू नये म्हणून तिरके टेके द्यावेच लागतात, आणि त्यास जागा लागते. खांबाच्या माथ्यावर लाकडाची कापलेली नळी उघडी असते; ती पाणी शोषते. तेथे पत्र्याची टोपी ठोकायला पाच मिनिटे लागतात.

लाकूड कोणते घ्यावे? जमिनीत जाणारे असेल तर सागवानाच्या गाभ्याचेच. सालीलगतचे पांढरट लाकूड सागवानाचे असले तरी वाळवी आणि बुरशी त्याला सोडत नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत नसते पण सुताराला माहीत असते. पांढऱ्या भागावर सागवानी रंग चढवून ते गाभ्याच्या भावाने विकणे म्हणजे ऐब झाकून माल विकणे होय, आणि असा माल आमच्या बाजारात विकला जातो हे आम्ही झाकून ठेवणार नाही. सुरूचे वासे स्वस्त मिळतात, परांचीला ठीक, जमिनीत गाडायला नाहीत. बाभूळ चिवट, हत्यारांच्या दांड्यांना उत्तम. आंब्याच्या लाकडाने खोके करावेत.

जुने लाकूड हा आमच्या मते उत्तम मार्ग आहे. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केट असो वा मुंबईत रे रोडचा लाकडा बंदर, लाकडाच्या बाजारातली माणसे आपल्या ओळखीची असतात. पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी तुळया कोठे उतरल्या हे त्यांच्याकडून कळते. असे लाकूड वाळून बसलेले असते, आता पिळत नाही. फक्त रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, जुन्या सांध्याचे भोक भाराच्या जागी येऊ देऊ नये, आणि जुना तैलरंग कोरडा घासू नये. अशा अनेक रंगांत शिसे असते व ती धूळ कारागिराच्याच पोटात जाते. वाळवीसाठी जळके इंजिन ऑईल फासण्याची सवय पुष्कळांना आहे. हात, छाती, मांड्या जेथे घासणार तेथे ते अजिबात लावू नये. तसेच हिरवट झाक असलेले आर्सेनिकयुक्त प्रक्रियेचे लाकूड. अमेरिकेतही मुलांच्या खेळणीघरांसाठी आणि घरगुती वापरासाठी त्याचा पुरवठा २००३ अखेर थांबवला गेला. आम्ही आपल्या अंगणात ते का आणावे?

जोडीचा हिशेब वेगळा, आणि तो खरादीचा. सहा इंच व्यासाचा, दीड फूट लांबीचा वाळलेला गोल ठोकळा सागवानात साडेपाच किलोच्या आसपास भरतो, शिसवीत सव्वासहाच्या वर. म्हणून एक नग सागवानाचा आणि एक शिसवीचा दिला तर मापे सारखी असूनही खेळणाऱ्याचा एक खांदा दुखतो. जोडी एकाच लाकडातून काढावी, उतरवताना मधूनमधून तराजूवर घ्यावी, आणि वजन बुडाशी कोरून द्यावे. मुठीच्या मानेत गाठ असेल तर तो ठोकळा बाजूला टाकावा, मग कितीही सुंदर असो. फिरवताना तुटलेली जोडी समोरच्याच्या कपाळात बसते.

आता पैशाचे. पाच इंच चौरस, अकरा फुटांचे दोन खांब, तीन फूट जमिनीत : लाकूड भरते पावणेचार घनफुटांहून थोडे अधिक. आपल्या गावचा भाव लावून पाहावा. त्यात पाईप, बोल्ट, खडी-सिमेंट आणि दोन माणसांची मजुरी धरून वर आपला नफा लावावा. सुतार बंधू नेमका हा शेवटचा आकडा लाजत सांगतात. नफा मजुरीत मिसळून टाकला की गिऱ्हाईक म्हणते, दोन दिवसांची हजेरी एवढी कशी? कोटेशन लेखी द्यावे, लाकडाची जात आणि घनफूट त्यात लिहावे. लाकूड परवानाधारक गिरणीतून पक्क्या बिलावर घ्यावे, वाहतुकीचा पास लागत असेल तर तो मागून घ्यावा. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विनापरवाना गिरण्यांवर जी संक्रांत आली ती लाकूडवाल्यांच्या स्मरणात आहे. शाळा किंवा सोसायटीचे काम घ्यायचे तर हे कागद विचारले जाणारच.

एकट्या दुकानाने हे सारे उभे करावे असेही नाही. खरादी, सुतार, बोल्ट-पाईपवाला आणि लाकूडवाला हे बहुधा एकाच मोहल्ल्यात राहतात आणि एकाच मशिदीत भेटतात, तरी धंद्यात एकमेकांना धरून नसतात. चौघांनी मिळून एक नमुन्याचा बार आणि एक जोडी करून वखारीच्या दारात उभी करावी. येणाऱ्याला लटकू द्यावे. छापील पत्रकापेक्षा हे स्वस्त पडते. मालावर आपला शिक्का डागावा आणि बसवल्याची तारीख घालावी.

शिक्का डागला म्हणजे जबाबदारीही आली. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, बोल्ट ढिले पडतात. पावतीवरच लिहून द्यावे की पहिल्या वर्षी दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, आम्ही येऊन बोल्ट आवळू आणि जमिनीच्या रेषेवर टोच्या मारून लाकूड तपासू. टोच्या सहज आत गेला तर बार त्याच दिवशी बंद करायचा, गिऱ्हाईक कितीही म्हणो की अजून चालेल. पुढील वर्षांच्या फेरीचे पैसे आधीच ठरवावेत. खड्डे खणण्याचे काम ओल्या मातीत घेऊ नये; विसार पावसाळ्यात घ्यावा, लाकूड तेव्हाच कापून आडोशाला वाळत ठेवावे, आणि खांब दिवाळीनंतर ओळंब्यात उभे करावेत.