दफनभूमीचे भयचित्र आणि पेन्सिलीची छटा

भयकथेसाठी दफनभूमीचे पेन्सिलचित्र काढताना बहुतेक कथाचित्रकार ज्या वस्तूंकडे प्रथम वळतात, म्हणजे पूर्ण चंद्र, निष्पर्ण झाड, वटवाघूळ आणि कललेला क्रूस, त्या साऱ्या चित्रात असूनही चित्र पाहून कोणी दचकत नाही, याचे कारण कौशल्याच्या अभावात क्वचितच असते. या वस्तू भयाची केवळ खूण असतात. वाचक ती खूण ओळखतो आणि ओळख पटताच निर्धास्त होतो. जागा खरी वाटावी आणि तरीही तिच्यात काय आहे ते नजरेला पुरते उलगडू नये, अशा दोन अटी एकत्र जुळल्या तरच भय उभे राहते. त्यांपैकी पहिली निरीक्षणाने साधते, तर दुसरीसाठी छायाभेदावर, म्हणजे कोऱ्या कागदापासून गडद काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांवर, ताबा असावा लागतो.

पहिल्या अटीचा उत्तम पुरावा सतराव्या शतकातील डच चित्रकार याकोब व्हान राउसडाल याच्या ‘ज्यू दफनभूमी’ या चित्रात सापडतो. 1650 च्या दशकात त्याने या विषयावर दोन तैलचित्रे रंगवली, त्यांपैकी एक आज ड्रेस्डेनला आणि दुसरे डेट्रॉइटला आहे. दोहोंतील थडगी ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकेर्क येथील पोर्तुगीज ज्यूंच्या दफनभूमीत प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखाटनांवर आधारलेली असून, ती इतकी नेमकी आहेत की त्यांतील काही कोणाची हे आजही ओळखता येते. याउलट चित्रातील भग्न वास्तू, टेकडी आणि खळाळता ओढा यांपैकी काहीही त्या सपाट नदीकाठच्या जागेवर नाही. ते सारे चित्रकाराने बाहेरून आणलेले किंवा रचलेले आहे. जर्मन कवी गटेने 1816 मध्ये राउसडालला कवी म्हणून गौरवणारा निबंध प्रसिद्ध केला, त्यात या चित्राची चर्चा आहे; पण कारागिराच्या दृष्टीने चित्रातील कामाचा क्रम अधिक मोलाचा ठरतो. आधी दगड खरे केले गेले, आणि कल्पनेला वाव त्यांच्या भोवतीच्या जागेत दिला गेला. सध्याच्या कथाचित्रांत हा क्रम नेमका उलटा दिसतो, कारण झाडावर तास खर्च होतात आणि शिळा मात्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या ओळीने उभ्या राहतात.

वास्तविक प्रत्येक शिळा कलण्यामागे स्वतंत्र कारण असते: खालची शवपेटी कुजून माती खचली की शिळा एका बाजूला झुकते, झाडाच्या मुळाने उचलली की उलट्या दिशेने कलते, आणि पाया पक्का असेल तर शंभर वर्षांनीही ताठ राहते. ही कारणे ठाऊक असलेला चित्रकार सगळ्या शिळा एकसारख्या वाकड्या करीत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतींवर पावसाळ्यानंतर जे काळे ओघळ उरतात, ते कोणत्याही परदेशी नमुन्यात मिळणार नाहीत. मुंबईच्या शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमीतील जुने संगमरवरी पुतळेही अभ्यासाला उपलब्ध आहेत. अर्थात तेथे रेखाटनासाठी बसण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि 2 नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कुटुंबे मेणबत्त्या लावायला येतात तेव्हा वही मिटलेलीच बरी.

दुसऱ्या अटीसाठी जर्मन चित्रकार काश्पर डाव्हिड फ्रीडरिश याच्याकडे वळावे लागते. ‘ओकवृक्षांच्या राईतील मठ’ या 1809–10 मधील त्याच्या तैलचित्रात एल्डेना येथील भग्न मठाची भिंत, तिच्याभोवतीची थडगी आणि शवपेटी घेऊन जाणारे भिक्षू आहेत. मात्र नवशिके जेथे आभाळ काळे आणि जमीन उजळ करतात तेथे त्याने आभाळ उजळ ठेवून खालचा सारा पट्टा धूसर अंधारात बुडवला आहे. परिणामी झाडांच्या फांद्या आभाळावर स्पष्ट उमटतात, पण माणसे आणि थडगी शोधावी लागतात, आणि या शोधण्यातच पाहणाऱ्याची अस्वस्थता वाढत जाते. अंधारात माणसाला बारकावे दिसत नाहीत, हे शरीरशास्त्रीय सत्य या मांडणीच्या पाठीशी आहे. म्हणून सावलीतील शिळेवरची प्रत्येक भेग काढण्याचा मोह आवरणे आणि काही कडा हेतुपुरस्सर हरवू देणे, म्हणजे शिळेची सीमारेषा मागच्या अंधारात विरघळवणे, हे पेन्सिलकामातही तितकेच लागू पडते.

येथे पेन्सिलीची स्वतःची मर्यादा आड येते, आणि ती समजून घेतल्याखेरीज रात्र काढणे व्यर्थ आहे. फ्रेंच संशोधक निकोला-झाक कोंते याने 1795 मध्ये ग्रॅफाइटची भुकटी आणि चिकणमाती मिसळून भाजण्याची पद्धत पेटंट केली. मातीचे प्रमाण जितके अधिक तितकी पेन्सिल कठीण आणि फिकी, जितके कमी तितकी मऊ आणि गडद, हे त्या पद्धतीचे सूत्र असून आजच्या एच आणि बी या श्रेण्या त्यावरच उभ्या आहेत. तथापि ग्रॅफाइटचे कण चपट्या पापुद्र्यांचे असल्याने 8बी पेन्सिल जोर देऊन घासली की ते कागदावर सपाट बसतात आणि प्रकाश परतवू लागतात. काळे करू पाहिलेला भाग मग चकाकतो आणि तिरप्या नजरेला चक्क राखाडी दिसतो. यावर जोर वाढवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने कागदाचे दाणे चिरडतात आणि पुढचा थर धरत नाही. 2एच किंवा एचबीने हलका पाया घालून त्यावर 2बी आणि 4बीचे थर वेगवेगळ्या दिशांनी चढवत न्यावेत, आणि अखेरचे मोजके गडद ठिपके ग्रॅफाइटऐवजी कार्बन पेन्सिलीने, म्हणजे काजळीचे प्रमाण असलेल्या व म्हणून न चकाकणाऱ्या पेन्सिलीने, द्यावेत. धुक्यासाठी बोटाने घासण्याची सवय मात्र सोडलेली बरी. त्वचेचा तेलकटपणा कागदात उतरतो आणि मग तो डाग कोणत्याच रबराने निघत नाही. मळून मऊ करता येणारे रबर टेकवून उचलल्यास त्या जागेचे ग्रॅफाइट थोडे थोडे कमी होत जाते आणि धुक्याची विरळ कड अधिक खरी उतरते.

चंद्राबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. आभाळात त्याचा व्यास सुमारे अर्धा अंशच असतो, इतका की हात लांब करून धरलेल्या करंगळीचे नखही त्याला झाकून उरते. चित्रात मात्र तो ताटाएवढा होतो आणि दफनभूमीचा विस्तारच हरवून बसतो. चंद्र शिळांच्या मागे दाखवायचा असेल तर त्याच्यापासून क्षितिजरेषेवर सरळ खाली एक बिंदू धरावा, आणि उभ्या शिळांच्या सपाट जमिनीवरील सावल्या त्या बिंदूतून निघून पाहणाऱ्याच्या दिशेने फाकत येतील अशा काढाव्यात. क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी, गुडघ्याएवढी खाली घेतल्यास लहान शिळाही आभाळावर चढतात आणि या सावल्या लांबट, अरुंद पट्ट्यांसारख्या दिसतात. यथार्थदर्शनाचा एवढा नियम पाळला तर वटवाघळांची गरज सहसा उरत नाही.

एखाद्या अंकासाठी चित्र पाठवणाऱ्यांनी छपाईचाही विचार आधीच करावा, कारण साध्या कागदावर शाई पसरल्याने शेजारशेजारच्या गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि मूळ चित्रातील सावलीतली शिळा छापील पानावर नाहीशी होते. त्यासाठी सर्वात गडद दोन पायऱ्यांमधले अंतर मूळ चित्रातच थोडे अधिक ठेवावे, आणि छायाचित्र घेताना प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरपा व सारखा सोडावा, म्हणजे ग्रॅफाइटची चकाकी कॅमेऱ्यात उतरत नाही.