आंबट बीअर चालते, मग आपला आंबट संत्रा का नाही?



मागच्या व्हिडिओखाली एका मुलाचा प्रश्न आला. वरूडजवळच्याच खेड्यातला आहे, नाव सांगत नाही. त्याने लिहिलं, "सर, पुण्यात आता आंबट बीअर लय चालून राह्यली म्हणतात. आपल्या इथं आंबट संत्र्याले कोणी विचारत नाही. अमरावतीत मायक्रोब्रुअरी टाकली तर? बाबाचा दोन एकर बगीचा हाय, त्याच्यावर लोन भेटते."

"नको रे बावा" एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्याच्या प्रश्नात अर्धी गोष्ट एकदम बरोबर आहे आणि अर्धी गोष्ट त्याच्या बाबाचा बगीचा घालवणारी आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, हा पिण्याचा प्रचार नाही. आपल्या तालुक्याला लागूनच वर्धा जिल्हा आहे, तिथे दारूबंदी आहे. आणि दारूपायी बसलेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. मी इथे धंदा म्हणून बघतोय.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला ट्रेनिंगसाठी गेलो होतो. संध्याकाळी मित्राने एका टॅपरूममध्ये नेलं आणि कोकमाची आंबट बीअर मागवली. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, माल बिघडला. वेटरला बोलावणारच होतो. मित्र हसला, म्हणे अशीच असते. दुसऱ्या घोटाला लक्षात आलं की ही चव आपल्या ओळखीची आहे. कोकम सरबतात मीठ जरा जास्त पडलं की लागते तशी. शेजारच्या टेबलावर दोन मुली बसल्या होत्या, त्यांना कडू बीअर आवडत नव्हती म्हणून त्यांनी हीच मागवली होती. म्हणजे बीअर न आवडणारं गिऱ्हाईक या मालाने बीअरच्या दुकानात आणलं. माझ्या डोक्यात दुकानदार जागा झाला तो तिथे.

पुण्यात हे एका दिवसात झालेलं नाही. डूलालीने २००९ साली पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हा ताजी, गाळीव नसलेली बीअर हेच लोकांना नवीन होतं. मग इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, नकुल भोसले यांची ग्रेट स्टेट एल वर्क्स आली. ग्रेट स्टेटने आंबट बीअरवर भर दिला आणि कोकम-मिठासारख्या आपल्या चवी त्यात आणल्या. बाहेरच्या देशात ही लाट त्याच्याही आधीची. अमेरिकेतल्या डॉगफिश हेडने २०१६ साली सीक्वेंच नावाची बीअर काढली. तिच्यात काय, तर लिंबू आणि समुद्राचं मीठ. आपलं निंबू शरबतच म्हणा ना. ती त्यांच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालात जाऊन बसली. आणि या खारट-आंबट बीअरचं मूळ आहे जर्मनीतली गोझ. १९६६ नंतर ती बनवणं जवळपास बंदच पडलं होतं, १९८०च्या दशकात पुन्हा सुरू झालं.

आता आंबटपणा येतो कुठून, ते समजून घ्या, कारण धंद्याची खरी गोष्ट तिथे आहे. ज्या लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंमुळे आपलं दही लागतं, तेच जिवाणू इथे काम करतात. धान्याचा गोड काढा उकळायचा, साधारण चाळीस अंशांपर्यंत थंड करायचा, त्यात जिवाणू सोडायचे आणि एक-दोन दिवस ठेवायचं. घरी आई कोमट दुधात विरजण लावते, त्याहून फार वेगळं नाही. मधे मधे पीएच मोजायचा. साधारण ३.२ ते ३.५ झाला की परत उकळायचं, म्हणजे जिवाणू मरतात आणि आंबटपणा तिथेच थांबतो. त्यानंतर यीस्ट टाकून नेहमीसारखी बीअर. याला केटल सावर म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत टाकी रिकामी होते आणि पैसा हातात येतो. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आजूबाजूला लॅम्बिक नावाची आंबट बीअर होते, ती उघड्या हवेतल्या जिवाणूंवर लागते आणि लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं पडून राहते. चव मोठी, पण तेवढी वर्षं भांडवल अडकलेलं. आपल्यासारख्या छोट्या माणसाला उधारीवर तीन महिने काढता येत नाहीत, तिथे तीन वर्षं कोण काढणार? आंबट बीअर एवढी पसरली, त्यात या झटपट पद्धतीचा हात मोठा आहे असं माझं मत.

दुसरं म्हणजे मोठ्या कंपन्यांना हा जिवाणू नकोच असतो. त्यांच्या पाइपांत तो एकदा शिरला की सगळा माल आंबट. त्यांचं सगळं काम त्याला बाहेर ठेवण्यात जातं. छोट्याला एक टाकी वेगळी ठेवणं, धुणं, हंगामाप्रमाणे फळ बदलणं जमतं. आज जांभूळ, पुढच्या महिन्यात कोकम. पाचशे लिटरचा प्रयोग फसला तरी तो बुडत नाही.

इथपर्यंत त्या मुलाचं बरोबर आहे. ज्याला सगळे "बिघडलेलं" म्हणतात तेच मुद्दाम, मोजून आणि दर वेळी सारखं बनवलं, तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. आता पुढचं ऐक भाऊ.

एक, पुणे म्हणजे महाराष्ट्र नाही. आपल्या देशात खपणारी बहुतेक बीअर आजही स्ट्रॉंग लागर आहे. आंबट बीअर पिणारा माणूस हा क्राफ्ट बीअर पिणाऱ्यांतला एक हिस्सा, आणि क्राफ्ट बीअर पिणारा हा एकूण बीअरवाल्यांतला बारीकसा हिस्सा. लाट वाढते आहे हे खरं, पण ती वाढते आहे आयटीतले पगार असलेल्या शहरात. अमरावतीत एक पब चालेलही, पण त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, जागा, स्टीलच्या टाक्या, चिलर, ब्रुअरचा पगार, हे सगळं दोन एकरांच्या लोनमध्ये बसत नाही. आणि घरी करून बघतो असं कोणाच्या मनात असेल तर सोडून द्या. विनापरवाना दारू बनवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, मग ती गावठी असो की क्राफ्ट.

दोन, काही जण म्हणतील, ब्रुअरी नको, पण आपला संत्रा ब्रुअरीला विकू. कल्पना चांगली आहे, फक्त कागदावर हिशोब मांडा. फळ घातलेल्या आंबट बीअरला हजार लिटरला शे-दोनशे किलो फळ पुष्कळ झालं. म्हणजे चांगल्या लागलेल्या दोन-चार झाडांचा माल. अशा दहा टाक्यांची ऑर्डर मिळाली तरी एका लहान बगीच्याचा कोपरा रिकामा होईल. वरूड-मोर्शीत फळगळ झाली की ट्रॉल्यांनी संत्रा रस्त्याच्या कडेला पडतो, चुरी, म्हणजे बारीक फळ, मातीमोल जाते, बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं तेव्हा भाव कसा बसला ते आपण पाहिलं. त्या दुखण्यावर बीअर हे औषध नाही.

तीन, संत्र्याची स्वतःची खोडी. हे मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीला दुकानात ताज्या संत्र्याचा रस बाटल्यांत भरून ठेवला होता. सकाळी साठ बाटल्या, मस्त गोड-आंबट. दुपारनंतर गिऱ्हाईक परत यायला लागले, "दादा, हे कडू लागून राह्यलं." मला वाटलं ते खोटं बोलतात. मी स्वतः घोट घेतला आणि फ्रीज बंद करून बसलो. नंतर वाचून कळलं की नागपुरी संत्र्यात लिमोनिन तयार होतं. ताज्या फळात ते नसतं, त्याचं मूळ द्रव्य असतं आणि त्याला चव नसते. रस काढला की आंबटपणामुळे काही तासांत ते कडू रूप घेतं, गरम केलं तर अजून लवकर. बिया आणि पांढरं साल चिरडलं की जास्त. मोठ्या रस कारखान्यांची सुद्धा हीच डोकेदुखी आहे. कोकमाला ही भानगड नाही. म्हणून पुण्यात कोकम चाललं म्हणून संत्रा तसाच चालेल, असं धरून चालू नका.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर त्या ब्रुअरकडून बीअर घेऊ नका, त्याचं मीटर घ्या. पीएच मीटर आणि ब्रिक्स मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर. आपल्याकडे "आंबट आहे" म्हणून मंडीत भाव पडतो, पण किती आंबट हे कोणी मोजत नाही. आंबिया बहाराचं फळ मृगापेक्षा जरा आंबटच असतं. ते गोड संत्र्याच्या रांगेत उभं केलं तर हरणारच. तेच फळ मीठ-जिऱ्याच्या खारट-आंबट शरबतासाठी वेगळं काढा. बिया काढून, सालाचा पांढरा भाग लागू न देता रस घ्या. कमी माल करा आणि त्याच दिवशी विका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा वरूडच्या बसस्टँडवर गोड कोल्ड्रिंकपेक्षा माणसाला काय पाहिजे असतं, ते आपल्याला पुण्याने सांगायची गरज नाही. ताक आणि आंबील पिऊन वाढलेली माणसं आहोत आपण.

एक सावधगिरी. आंबवलेलं पेय म्हणून यूट्यूबवर बघून बाटलीत यीस्ट टाकू नका. यीस्ट आलं की अल्कोहोल आलं, बाटली फुटायची भीती आली आणि कायदाही आला. शरबत हे शरबतच ठेवा आणि एफएसएसएआयची नोंदणी करून विका.

वरचं केशरी साल पातळ काढून सावलीत वाळवलं तर ते टिकतं, आणि त्याचा वास बीअरवाल्यांना लागतो, बेकरीवाल्यांना लागतो, चहावाल्यांनाही लागतो. एकाच गिऱ्हाइकावर बसायचं काम नाही.

त्या मुलाला मी फोन केला. लोनचा अर्ज अजून भरलेला नाही. त्याला सांगितलं, या हंगामात फक्त पन्नास किलो चुरी घे, रोज पीएच लिही, रस दर दोन तासांनी चाखून कधी कडू होतो ते वहीत मांड. वही घेऊन दुकानात ये. पुढचा व्हिडिओ त्याच्या वहीवर करू.