ॲपचा आधार घेण्यात लाज कसली?

फोनमध्ये डोके घालून केलेला प्रवास हा प्रवासच नव्हे, असे हल्ली ठासून सांगितले जाते. आक्षेप तीन आहेत: वाट चुकण्यातली मजा जाते, माणसांशी बोलणे संपते आणि फोन बंद पडला की प्रवासी हतबल होतो. जपानच्या प्रवासात हे आक्षेप कितपत टिकतात ते पाहू. भाषा, लिपी आणि पत्त्याची रीत यांतले काहीच तिथे आपल्या ओळखीचे नसते.

जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. पत्ता असतो तो विभाग, गट आणि इमारत यांच्या क्रमांकांचा. 'कोबान' या नाक्यावरच्या पोलीस चौकीत परिसराचा नकाशा असतो आणि खुद्द जपानी माणसेही तिथे वाट विचारतात. तोक्योच्या शिंजुकू स्थानकातून बाहेर पडायला दोनशेहून अधिक दारे आहेत. गूगल मॅप्स गाडीची वेळ, भाडे आणि बरेचदा फलाट व बाहेर पडायचे दारही सांगते. भलत्याच दाराने बाहेर पडून बॅगा ओढत हिंडण्यात कसली मजा? मध्यरात्रीच्या सुमारास लोकल बंद होतात आणि टॅक्सी महाग पडते. परतीची वाट ठाऊक असेल त्यालाच वाट चुकणे परवडते.

माणसांशी बोलणे संपते, हा आक्षेप तर साफ उलटा आहे. शाकाहारी मराठी कुटुंबापुढे मिसो सूप येते. वर टोफू, कांद्याची पात आणि समुद्री शेवाळ; माशाचा तुकडाही दिसत नाही. पण त्याचे पाणी, म्हणजे 'दाशी', बहुधा बोनिटो माशाच्या सुकवलेल्या किसाचे असते. खाणाखुणांनी 'मासा आहे का?' विचारले, तर वाढणारा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये 'माशाची दाशीसुद्धा चालत नाही' असे लिहून दाखवले, की त्याला नेमकी अडचण कळते, तो आत जाऊन विचारून येतो. दुकानातल्या पाकिटावरचे घटकही कॅमेरा धरून वाचता येतात. ॲप नसते तर हे बोलणे सुरूच झाले नसते.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. बॅटरी संपते, नेट जाते. पण त्यावर उपाय पूर्वतयारी हा आहे. ट्रान्सलेटमध्ये जपानी भाषा आधीच उतरवून ठेवता येते, ऑरगॅनिक मॅप्स या ॲपचे नकाशे नेटशिवाय चालतात. पॉवर बँक, थोडे येन आणि हॉटेलचा जपानीत लिहिलेला पत्ता खिशात असावा. प्रत्येक ॲप प्रत्येक फोनवर चालते असेही नाही. रेल्वेचे भाडे भरायचे सुइका कार्ड आयफोनमध्ये घेता येते. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर मात्र ते चालत नाही, तिथे प्लास्टिकचे कार्ड घ्यावे.

एका ॲपबाबत तर वादाला जागाच नाही. जपानच्या पर्यटन विभागाच्या देखरेखीखाली २०१४ मध्ये सुरू झालेले 'सेफ्टी टिप्स' भूकंप आणि त्सुनामीचे इशारे इंग्रजीसह अनेक भाषांत देते. भूकंपाच्या वेगवान प्राथमिक लहरी यंत्रांनी टिपल्या की विध्वंसक लहरी पोचण्याआधी इशारा निघतो. हाती काही सेकंदच येतात, केंद्राजवळ तेवढेही नाहीत. पण टेबलाखाली शिरायला ते पुरू शकतात. जपानी घोषणा न कळणाऱ्या पाहुण्याला हे सेकंद नाकारणारी प्रवासाची शुद्धता काय कामाची?

भाषा येत नाही म्हणून वयस्क जोडपी आणि एकट्या बायका परदेशी स्वतःच्या बळावर जायला कचरत होत्या. त्यांना हे धैर्य ॲपने दिले आहे, म्हणून त्याची हेटाळणी थांबवावी. जाणाऱ्यांनीही विमानतळावर धांदल न करता ही ॲप घरीच उतरवून घ्यावीत, चार दिवस हाताळावीत आणि मगच निघावे.