समजून घ्या : शिकारीचा कॅमो सूट हरणासाठी की आरशासाठी? निवड, बदल आणि धुलाईचं गणित

नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. विस्कॉन्सिनमध्ये हा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी त्याची सुरुवात होते. या काळात दुकानांत आणि ऑनलाइन सेलमध्ये पानाफांद्यांच्या छपाईचे जॅकेट, पँट, टोप्या, हातमोजे यांचा ढीग लागतो. 'हरणाला तुम्ही दिसणारच नाही' असा एकूण दावा असतो.

माझं मत आधीच सांगतो. या बाजारातली बरीचशी छपाई हरणाच्या डोळ्यांसाठी होत नाही, ती ग्राहकाच्या डोळ्यांसाठी होते. ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो, त्या स्वस्त आणि कंटाळवाण्या आहेत : योग्य साबण, आवाज न करणारं कापड, झाकलेला चेहरा आणि त्यावर चढवलेलं झगझगीत नारंगी जाकीट. हो, नारंगीच. कसं, ते पाहू.

हरणाला नेमकं काय दिसतं?

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया विद्यापीठात प्रयोग झाले. त्यांतून कळलं की त्याच्या शंकुपेशींचा एक प्रकार साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला आणि दुसरा साधारण ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. लाल रंगासाठी वेगळी पेशीच नाही. त्यामुळे आपल्याला डोळ्यात खुपणारा नारंगी रंग हरणाला मंद, पिवळट-करडा दिसतो. आसपासच्या वाळल्या गवतात तो खपून जातो.

निळ्याच्या बाबतीत मात्र हरीण आपल्यापेक्षा सरस आहे. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण बरेचसे अडवतं, हरणाचं तितकं अडवत नाही. संधिप्रकाशात, म्हणजे हरणं चरायला निघतात नेमक्या त्या वेळी, निळी छटा त्यांना जास्त ठळक दिसते.

आणखी दोन गोष्टी. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३०० अंशांचा परिसर दिसतो, आणि हालचाल ते फार पटकन टिपतं. पण बारीक तपशील त्याला आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. म्हणजे जॅकेटवर ओकच्या पानाच्या शिरा छापल्या आहेत की नाहीत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही मोबाइल बघायला हात वर केलात, हे मात्र त्याला लगेच कळतं.

मग पॅटर्नला अर्थच नाही का?

अर्थ आहे, पण जाहिरातीत दाखवतात तो नाही. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकी शिकारी बहुतेक वेळा लष्करातून आलेले जुने कपडे वापरत. १९८६ मध्ये रिअलट्री आणि मॉसी ओक या दोन कंपन्या उभ्या राहिल्या आणि झाडाची साल, पानं, फांद्या हुबेहूब छापलेल्या कापडाची लाट आली. फोटोत हे कापड अप्रतिम दिसतं. अडचण अंतराची आहे. पन्नास-साठ पावलांवरून ही सगळी बारीक नक्षी एकमेकांत मिसळते आणि उरतो माणसाच्या आकाराचा एक गडद ठिपका. छपाई जितकी दाट आणि काळपट, तितका हा ठिपका ठसठशीत.

आमच्या इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर रिझोल्यूशन वाढवून इथे फायदा नाही, कॉन्ट्रास्ट योग्य जागी लागतो. फिकट आणि गडद रंगांचे मोठे, वेडेवाकडे पट्टे खांदा, हात आणि छाती यांच्या रेषा तोडतात आणि माणसाची आकृती विस्कटते. म्हणून कापड घेताना साधी चाचणी करा. मित्राला तो सूट घालून झाडीपुढे उभं करा, शंभर पावलं मागे जा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत माणूस चटकन सापडला, तर किंमत कितीही असो, तो पॅटर्न त्या जागेसाठी नाही.

जागेनुसार निवड बदलते. उंच झाडावरच्या मचाणावर बसणाऱ्याच्या मागे आकाश असतं, त्यामुळे तिथे फिकट, मोकळी छपाई बरी. पाणथळीत बदकांसाठी वाळक्या लव्हाळ्याचा रंग लागतो. आणि पक्ष्यांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे : त्यांच्या डोळ्यात रंगांच्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात. बदक आणि टर्की यांना नारंगी चांगलाच दिसतो. तिथे चेहरा आणि हात झाकणं छपाईपेक्षा महत्त्वाचं, कारण वरून उडणाऱ्या पक्ष्याला सगळ्यात आधी दिसतो तो वर वळलेला उघडा चेहरा.

कापड कोणतं?

दुकानात सूट हातात घेतल्यावर आधी तो कानाजवळ चुरगाळून बघा. पावसाळी नायलॉनचा खसखस आवाज शांत पहाटे दूरवर जातो. लोकर आणि फ्लीस आवाज करत नाहीत. आत मेरिनो लोकरीचा थर, मध्ये उबेसाठी फ्लीस आणि वर वारा अडवणारा थर, ही मांडणी थंडीत टिकते. सुती कापड आतून टाळा. चढण चढताना आलेला घाम ते धरून ठेवतं आणि नंतर स्थिर बसल्यावर अंग गारठतं.

घिली सूट : गोणपाटाचं शास्त्र

गवताचा चालता ढिगारा वाटणारा 'घिली सूट' मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला. शिकारीला निघालेल्या साहेबाला हरणापर्यंत नेणाऱ्या वाटाड्या-सेवकाला तिथे घिली म्हणत. गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ पोरगा, गडी. बोअर युद्धासाठी १९०० मध्ये लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच मंडळींना घेऊन 'लोव्हॅट स्काउट्स' ही तुकडी उभारली आणि शिकारीतली ही विद्या लष्करात गेली.

तयार घिली सूट मिळतो, पण या प्रकारात स्वतः केलेले बदल खरोखर उपयोगी पडतात. पाया असतो जाळीचा, आणि त्यावर बांधतात ते आपल्या ओळखीचे तागाचे, म्हणजे गोणपाटाचे उसवलेले धागे. बदल करताना या गोष्टी लक्षात ठेवा :

• धागे पाठीवर, खांद्यांवर आणि डोक्यावर जास्त, पोटाच्या बाजूला कमी. सरपटताना पुढचे धागे अडकतात. तिथे जाड कॅनव्हास शिवून घ्यावा.
• तीन-चार छटा वापरा आणि त्या जिथे जाणार त्या जागेच्या मातीशी, गवताशी जुळवा. नवा सूट चिखलात लोळवून वाळवला की कारखान्याची चमक जाते.
• सगळी जागा धाग्यांनी भरू नका. काही गाठी रिकाम्या ठेवा, जागेवरचं गवत तिथे खोचता येतं.
• धागे बंदुकीच्या यंत्रणेजवळ किंवा दुर्बिणीसमोर लोंबता कामा नयेत.

सगळ्यात महत्त्वाचं : सुका ताग झटकन पेटतो. ज्वालारोधक द्रावणात भिजवून वाळवलेला ताग वापरावा आणि धुतल्यावर ती प्रक्रिया पुन्हा करावी, कारण पाण्याबरोबर द्रावणाचा परिणाम ओसरतो. सूट अंगावर असताना शेगडी नको, सिगारेट नको. शिवाय ताग पाणी पितो. भिजलेला सूट जड होतो आणि तसाच पिशवीत कोंबला तर बुरशी धरतो. दोरीवर पूर्ण वाळवूनच ठेवायचा.

धुलाई : इथेच पैसे वसूल किंवा वाया

आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालायची पद्धत अनेक घरांत होती. ते रसायन अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून पिवळट सदरा पांढराशुभ्र वाटतो. आजच्या अनेक कपड्यांच्या पावडरींत त्याच जातीची रसायनं असतात. आता वरचा हरणाच्या डोळ्यांचा मुद्दा आठवा. महागडा कॅमो सूट अशा पावडरीत धुतला की संधिप्रकाशात त्याला नेमकी तीच निळी झाक येते जी हरणाला छान दिसते.

तपासायला नोटा बघण्याचा यूव्ही टॉर्च पुरे. अंधाऱ्या खोलीत सूटवर मारा. कापड निळसर चमकलं, तर त्यावर ही रसायनं आहेत. काही नवे कपडे कारखान्यातूनच तसे येतात, म्हणून हा टॉर्च दुकानात नेलेला चांगला.

धुण्याचे नियम साधे आहेत. उजळपणा देणारी रसायनं आणि सुगंध नसलेला साबण वापरा. सॉफ्टनर नको : त्याचा वास राहतो आणि कापडावर थर बसून घाम शोषण्याची, जलरोधक कापडाची श्वास घेण्याची क्षमता कमी होते. सूट उलटा करून थंड पाण्यात धुवा, मोकळ्या हवेत सावलीत वाळवा. पाणी कापडावरून ओघळेनासं झालं, तर कपड्यावरच्या सूचनेप्रमाणे मंद उष्णता द्या, वरचा जलरोधक लेप बऱ्याचदा पुन्हा काम करू लागतो. नंतर सूट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तो घालून पेट्रोल भरायला किंवा हॉटेलात जाऊ नका. हरणाचं नाक त्याच्या डोळ्यापेक्षा कितीतरी तिखट असतं. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर कोणताही सूट तुम्हाला वाचवत नाही.

नारंगी का हवाच?

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. जंगलात तुम्हाला शोधणारे डोळे फक्त हरणाचे नसतात. दुसऱ्या शिकाऱ्याच्याही हातात बंदूक असते आणि त्याला तुम्ही दिसणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात झगझगीत नारंगी कपडा सक्तीचा आहे. कोलोरॅडोत कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच, म्हणजे सुमारे साडेतीन चौरस फूट, सलग नारंगी किंवा झगझगीत गुलाबी लागतो आणि डोक्यावरही तसाच रंग. नारंगी रंगातली कॅमो छपाई तिथे ग्राह्य धरत नाहीत. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनने झगझगीत गुलाबीलाही मान्यता दिली.

पण टेक्साससारख्या राज्यात खासगी जमिनीवर ही सक्ती नाही, सार्वजनिक शिकार क्षेत्रातच आहे. मला हे पटत नाही. गोळी सातबारा बघून थांबत नाही. 'माझ्या शेतावर मी आणि माझेच पाहुणे' हा युक्तिवाद उलट नारंगीच्या बाजूने जातो, कारण गोळीच्या टप्प्यात आपलीच माणसं असतात. हरणाला जो रंग नीट दिसत नाही आणि माणसाला सगळ्यात आधी दिसतो, तो न घालण्याचं तांत्रिक कारण उरत नाही. टर्कीच्या शिकारीत अडचण खरी आहे, कारण पक्षी नारंगी ओळखतो. तिथे चालताना नारंगी घालावा आणि बसल्यावर तो शेजारच्या झाडाला गुंडाळावा. लाल, पांढरा, निळा मात्र अजिबात नको : नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं.

आपल्याकडे कुणाला याचा उपयोग?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, अपवाद फक्त अधिकाऱ्यांच्या परवानगीचे. तरी कॅमो कपड्यांचा खप आहे, तो मुख्यतः पक्षी-छायाचित्रकारांमुळे. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, याच कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची घरटी आणि अंडी विचलित करणंही येतं. कॅमो घालून घरट्याला खेटून बसणाऱ्याच्या हातात बंदूक नसली तरी तो त्या व्याख्येच्या आत येऊ शकतो. सूट पक्ष्याला त्रास कमी व्हावा म्हणून असतो, अंतर मोडायचा परवाना म्हणून नाही.

दुसरी, लष्करी छपाई टाळा. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाच्या डिझाइनची नोंदणी केलेली आहे. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश करणं गुन्हा आहे. परदेशी जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकाने कॅमो घालायलाच मनाई आहे.

तिसरी, गोचीड. अमेरिकेत शिकारी लाइम रोगाच्या भीतीने कपड्यांवर परमेथ्रिन फवारून वाळवतात (अंगावर नव्हे, आणि ओलं असताना ते मांजरांना घातक असतं). आपल्याकडे दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडताप गोचिडांमुळेच पसरला आहे. जमिनीवर लोळवलेला सूट घरात आणण्याआधी झटका, शिवणी तपासा, मग धुवायला टाका.

बजेट कमी असेल तर माझा क्रम असा : आधी साबण, मग आवाज न करणारं कापड, मग चेहरा आणि हात झाकण्याची सोय. बंदुकीच्या हंगामात असाल, तर या सगळ्याच्या आधी नारंगी जाकीट. पानाफांद्यांच्या छपाईवर पैसे घालवायचे ते यातून उरले तरच.