मुंबईचे भिसे

1867 साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यंत्रविद्या शिकले ती ‘सायंटिफिक अमेरिकन’ नियतकालिक वाचून. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यानं त्यांनी लंडनची स्पर्धा जिंकली आणि थेट लंडन गाठलं. तिथं ज्येष्ठ नेते दादाभाई नौरोजींनी आधार दिला. वितळलेल्या धातूतून छपाईचे खिळे झपाट्यानं ओतणारं ‘भिसोटाइप’ तिथंच घडलं. पण यंत्र घडवणं वेगळं, त्यासाठी भांडवल उभं करणं वेगळं! पैसा आटला, तेव्हा उद्योगपती जमशेटजी टाटांचे पुत्र सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले. पुढे न्यूयॉर्कमध्ये भिशांनी स्वतःची कंपनी काढली, आयोडिनचं औषधही बनवलं. 1935 साली तिथंच ते वारले. मुंबईतल्या देवनार-गोवंडीच्या शाळांनो, विज्ञानदिनी एडिसनच्या शेजारी भिशांचंही चित्र लावा.