देवळासाठी वळणारा रस्ता मुंड्यासाठी का नाही?

मी लालबागचा. आमच्या शहरात रस्ता देवळापाशी वळतो, दर्ग्यापाशीही वळतो. त्याला कोणी विकासविरोध म्हणत नाही. सातपुड्यात मात्र कोरकूंनी मृतांच्या नावे रोवलेले, चंद्रसूर्य कोरलेले सागवानी मुंडे आडवे आले, की ते निव्वळ ओंडके ठरतात! डांबरी रस्ता हवाच. बाळंतिणीला झोळीतून नेण्यात कसली आली संस्कृती? पण २००६च्या वनाधिकार कायद्यानुसार वनजमिनीतल्या गावरस्त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. ती आखणीआधी घ्या. नंतर नुसते अंगठे गोळा करू नका. ऑस्ट्रेलियात २०२० साली जुकान घळीतले आदिवासींचे पवित्र शैलाश्रय खाणीसाठी सुरुंगाने उडवले. माफी मागाहून आली. उखडलेला मुंडा माफीने उभा राहत नाही. रस्ता मात्र चार हात सरकतो.