काळ्या पडद्याचे वाचन

'लिनक्स घातले आणि पडदा काळा झाला. आपले विंडोजच बरे', हे वाक्य किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत हल्ली शहाणपण म्हणून ऐकवले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला, जुने लॅपटॉप विंडोज ११ला पात्र ठरेनात, म्हणून उबुंटू आले आणि पहिल्याच अडचणीत ते आरोपी ठरले. संहिता न वाचता निकाल देणारा समीक्षक आपण एरवी खपवून घेत नाही. मग येथेच ही सवलत का?

वस्तुतः कंपनीचे बोधचिन्ह दिसून नंतर अंधार झाला, तर संगणक बहुधा चालूच असतो. कर्नल आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा मुका झालेला असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलशी नव्याने जुळवावा लागतो. अलिबाग-मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यात पावसाळ्यात वीज जाते, थकलेली बॅटरी साथ देत नाही, अपडेट अर्ध्यावर तुटते. कर्नल नवा येतो आणि त्याच्या जोडीचा दुभाषा तयारच झालेला नसतो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची यादी आणावी आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडावा. तो नसेल तर 'ई' दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, जागा सोडून, 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत लिहावा आणि एफ-१० दाबावे. पडदा साध्या रूपात उजळतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. म्हणून लगेच 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून योग्य ड्रायव्हर बसवावा.

हे ठाऊक नसल्याची किंमत कोण मोजतो? आगरी-कोळी गाण्यांची टिपणे गावोगाव हिंडून जमवलेल्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप दुरुस्तीहून 'फॉरमॅट' होऊन परत आला. पडदा काळा होता तेव्हा टिपणे डिस्कवर शाबूत होती. ती दुरुस्तीने नाहीशी केली.

आता दोष कोणाचा ते पाहू. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाचा जाहीर निषेध केला होता. कंपनीने कर्नलशी बोलणारा भाग मे २०२२ मध्ये खुला केला, पण तो नव्या कार्डांपुरता. जुन्या कार्डांच्या ३९० मालिकेचा आधार २०२२अखेर थांबला. म्हणजे आमच्या विभागांतील यंत्रांसारख्या जुन्या यंत्रांच्या वाट्याला बंद संहिता आली, आणि तिचा टीकाकारही निघून गेला. 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी कार्डाच्या वर्तनावरून त्याची भाषा उलगडली. भाष्य नसलेला ग्रंथ लावण्याचे हे काम आपल्याला परके वाटावे, हेच नवल.

लिनक्सही निर्दोष नाही. त्याचे त्रुटिसंदेश इंग्रजी जाणणाऱ्या तंत्रज्ञालाच उद्देशून असतात. पण येथेच मराठीच्या शिक्षकाचे काम सुरू होते. 'हे आमचे क्षेत्र नव्हे' असे म्हणणाऱ्यांनी राज्यव्यवहारकोश आठवावा. कारभाराचे शब्द लोकांच्या भाषेत नसतील तर कारभार परक्यांच्या हाती राहतो, ही जाण शिवकाळात होती; आणि त्या राजधानीचे नाव आपला जिल्हा मिरवतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, भाषणे झाली, हारतुरे झाले. त्या उत्साहाचा एक अंश वापरून प्रत्येक मराठी विभागाने वरील कृती स्वच्छ मराठीत एका पानावर लिहावी, संगणकाशेजारी भिंतीवर लावावी, आणि टिपणांची दुसरी प्रत ठेवल्याशिवाय लॅपटॉप दुरुस्तीला देऊ नये, ही ओळ तिच्या माथ्यावर ठळक लिहावी. एवढेही जमत नसेल, तर निदान लिनक्सला नावे ठेवणे तरी थांबवावे.